मागच्या पडद्यावर एलईडीचे गोळे का उठतात आणि ते कसे घालवायचे

गेल्या पावसाळ्यापासून मला एकाच तक्रारीचे फोन येताहेत. एकांकिका करणारी कॉलेजची मुलं, हौशी मंडळं, एकदा तर व्यावसायिक नाटकाचे सूत्रधारसुद्धा. तक्रार ठरलेली: "ताई, मागचा पडदा सारखा उजळतच नाही. खाली गोळे दिसतात, वर अंधार राहतो, मध्ये काळपट पट्टा पडतो. लाईट वाढवले तरी तेच." सोबत मोबाईलवर फोटो येतो. जिथे निळं आकाश हवं, तिथे भिंतीजवळ ओळीने टॉर्च धरल्यासारखे निळे गोळे.

प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते. हा प्रश्न आपल्या नाट्यगृहांत पुन्हा पुन्हा येतो, आणि दर वेळी लोक आधी लाईट कमी-जास्त करायच्या बोर्डावर हात टाकतात. बोर्ड सोडा. आधी फूटपट्टी घ्या. दहांतल्या नऊ वेळा दोष दिव्याच्या ताकदीत नसतो, दिवा आणि पडदा यांच्यातल्या अंतरात असतो.

मला हे कळलं ते उपनगरातल्या एका नाट्यगृहात. नाटकाचा शेवट पहाटेचा होता. चाळीची गॅलरी, कठड्याला टेकून उभी राहिलेली आई, आणि तिच्यामागे सात मिनिटांत काळोखातून उजाडत जाणारं आकाश. संवाद जवळजवळ नाहीत, सगळं त्या पडद्यावर. पडदा ३० फूट रुंद, १६ फूट उंच. भाड्याने बारा एलईडी पार, म्हणजे डब्यासारखे झोत टाकणारे दिवे, आणले होते, ५४ एलईडी दाण्यांचे, नेहमीचेच. सहा खाली जमिनीवर, सहा वरच्या बारवर, म्हणजे दिवे टांगायच्या आडव्या पाईपवर. सेटची मागची भिंत आणि पडदा यांच्यात जेमतेम चार फूट जागा. पार तिथे बसवले, तोंडं वर केली, निळा दिला. आकाश उजाडायच्या ऐवजी खाली सहा आणि वर सहा अशी बारा वर्तुळं उठली, आणि पडद्याच्या बरोबर मध्यावर एक मळकट आडवा पट्टा. सगळे पार शंभर टक्क्यांवर नेले. गोळे आणखी ठसठशीत झाले, पट्टा आणखी काळा दिसायला लागला.

नाट्यगृहाचे जुने वायरमन काका विंगेत उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "ताई, आमचा हॅलोजनचा फ्लड तांब्यातून पाणी ओतल्यासारखा पडायचा. हा तुमचा पार नळीतून पिचकारी मारल्यासारखा पडतो. पिचकाऱ्या वाढवून भिंत सारखी भिजत नाही."

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं आहे. सायक्लोरामासाठी, म्हणजे आकाश दाखवायच्या या मागच्या पडद्यासाठी, बनवलेल्या जुन्या फ्लडमध्ये लांबट नळीचा हॅलोजन दिवा असायचा आणि मागे एकीकडे जास्त वळवलेला पत्रा. त्या वाकड्या पत्र्यामुळे पडद्याच्या लांबच्या टोकाकडे जास्त उजेड जायचा आणि जवळच्या टोकाकडे कमी. म्हणजे सारखेपणा दिव्याच्या अंगातच होता, आपण फक्त टांगायचं आणि जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावायची. ते फ्लड गेले, त्यांच्या जागी एकास एक एलईडी पार आले, आणि तो वाकडा पत्रा मात्र परत आला नाही. पार हे मुळात नटावर, सेटवर झोत टाकायचं साधन. आपण त्याच्याकडून भिंत सारवून घ्यायला बघतो.

आता आकडे. कंटाळा करू नका, हे एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं आहे.

भाड्याने मिळणाऱ्या पारवर बहुतेक वेळा २५ अंशांची भिंगं असतात. असा पार पडद्यापासून चार फुटांवर सरळ धरला तर त्याचं वर्तुळ पावणेदोन फुटांचं पडतं. आठ फुटांवर नेला तर साडेतीन फुटांचं. आता ३० फुटांच्या पडद्यापुढे सहा पार लावले की दोन पारांमध्ये पाच फूट अंतर राहणार. पावणेदोन फुटांची वर्तुळं पाच पाच फुटांवर. गोळे दिसणारच. पार वर तिरका केला की झोत वर जाता जाता रुंदावतो आणि शेजारच्याला जाऊन मिळतो, पण खाली दोघांच्या मध्ये त्रिकोणी अंधार तसाच राहतो. तुमच्या फोटोत खालच्या बाजूला करवतीच्या दातांसारखं जे दिसतं ना, ते हेच.

उभ्या दिशेची गोष्ट याहून वाईट. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो हे शाळेत शिकलोय. शिवाय पडद्यावर तो तिरका पडतो, त्यामुळे आणखी पातळ पसरतो. जमिनीवरचा दिवा पडद्यापासून चार फुटांवर आहे आणि सगळ्या दिशांना सारखा उजेड टाकतोय असं धरा. पडद्याच्या तळाशी पडणारा उजेड १०० मानला तर आठ फूट उंचीवर, म्हणजे आपल्या पडद्याच्या मध्यावर, फक्त ९ उरतो. सोळा फुटांवर दीडसुद्धा नाही. वरूनही तशीच रांग लावली तरी मध्यावर ९ अधिक ९ म्हणजे १८, आणि टोकांना शंभराच्या वर. तो मळकट पट्टा म्हणजे हे १८.

तोच दिवा मागे घेऊन पडद्यापासून आठ फुटांवर ठेवा. तळाशी १०० धरले तर मध्यावर ३५ आणि टोकाला ९. खाली-वर दोन्ही रांगा लावल्या की मध्यावर ७० आणि टोकांना साधारण १०९. चार फुटांवर साडेपाच पटींचा फरक होता, आठ फुटांवर दीड पट उरला. दिवा तोच, वीज तीच, बोर्डाला कुणी हातही लावलेला नाही. आणि दीड पटीचा फरक हळूहळू उतरत गेला तर प्रेक्षकाला कळतसुद्धा नाही.

डोळा एकूण उजेड मोजत नाही, तो कडा शोधतो. अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८६५ मध्येच दाखवून दिलं होतं की उजेड-सावलीची पातळी जिथे बदलते तिथे डोळा आपल्या पदरचा एक गडद आणि एक फिकट पट्टा वाढवून बघतो. म्हणून पडद्याचा वरचा भाग खालच्यापेक्षा निम्म्याने मंद असला तरी ते आकाश वाटतं, पण दोन गोळ्यांमधली दहा टक्क्यांची स्पष्ट कड शेवटच्या रांगेतून टोचते. सारखेपणा म्हणजे सगळीकडे एकच आकडा नव्हे. कुठेही कड दिसता कामा नये, एवढंच.

मग करायचं काय?

पहिलं, जागा मिळवा. हे भांडण लाईट लावायला लागल्यावर होत नाही, तालमीतच करावं लागतं. नेपथ्यकाराला नकाशा काढतानाच सांगा की मागे किमान सहा ते आठ फूट मोकळे हवेत. माझ्या त्या प्रयोगात दिग्दर्शकाला तीन फूट सोडायला लावले. तो आधी नाराज झाला, कारण पुढच्या हालचाली आवळल्या गेल्या. पण गॅलरीची पातळी तीन फूट पुढे आल्यावर खालचे पार तिच्याच मागे, पडद्यापासून सात फुटांवर, प्रेक्षकांना न दिसता बसले. वरच्या बारसाठीही तेच करा. पडद्याला लागूनचा बार सोपा म्हणून घेऊ नका, त्याच्या पुढचा घ्या आणि तो झाकणारी वरची झालर त्याप्रमाणे सरकवा. वर टांगलेल्या प्रत्येक पारला सेफ्टी वायर हवीच, खाली माणसं काम करत असतात.

अंदाजाचा नियम असा की दोन दिव्यांमधलं अंतर हे दिवा आणि पडदा यांच्यातल्या अंतरापेक्षा जास्त नसावं. हा नियम रुंद पसरणाऱ्या दिव्यांसाठी आहे. २५ अंशांच्या उघड्या पारला तो लागू करायला गेलात तर फसाल. त्याला आधी रुंद करायला हवं.

त्यासाठी फ्रॉस्ट, म्हणजे उजेड पसरवणारा धुरकट प्लास्टिकचा कागद. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय हाच. पारच्या तोंडावर चांगला दाट फ्रॉस्ट लावला की २५ अंशांचा झोत बराच पसरतो आणि मुख्य म्हणजे त्याची कड विरघळते. झोत ६० अंशांपर्यंत गेला तर चार फुटांवरचं वर्तुळ पावणेदोनचं साडेचार फूट होतं. 'ली' कंपनीचा २१६ नंबर यासाठी चालतो. उजेड बऱ्यापैकी खातो, पण पडद्याला उजेड नाहीतरी कमीच लागतो. 'रॉस्को' कंपनीचा १०४ नंबर, टफ सिल्क, वेगळ्या जातीचा आहे. तो झोत एकाच दिशेने ताणतो. दिव्यासमोर हातात धरून फिरवा, पडद्यावरचा गोळा आडवा लांब झाला की त्याच कलाने फ्रेममध्ये बसवा. पार संख्येने कमी असतील आणि मधली अंतरं मोठी, तेव्हा हा फ्रॉस्ट जीव वाचवतो. उलटा बसवलात तर उभे पट्टे पडतात. एका स्पर्धेत एका मुलीने सहांपैकी दोन उलटे लावले होते आणि तासभर ती मुलं बोर्डात दोष शोधत होती.

पैसे नसतील तर शूटिंगवाले वापरतात तो बटर पेपर किंवा ट्रेसिंग पेपर चालतो, कारण एलईडीच्या तोंडाशी उष्णता कमी असते. पण दोन गोष्टी पाळा. मागच्या पंख्याची, हवेची वाट झाकू नका. आणि तोच कागद चुकूनही हॅलोजनला लावू नका, पेटेल. नियमित प्रयोगांसाठी उष्णता सोसणारा खरा फ्रॉस्टच घ्या.

आता फोकसिंग. सगळे दिवे एकदम लावून बसू नका. प्रेक्षागृह अंधारं करा आणि खालच्या रांगेतला मधला एकच पार लावा. त्याचा सर्वांत उजळ भाग पडद्याच्या दोन तृतीयांश उंचीवर न्या, म्हणजे सोळा फुटी पडद्यावर साधारण अकरा फुटांवर. तळाला काही नाही मिळालं असं वाटेल. मिळतं. जवळ असल्यामुळे झोताच्या कडेचा अर्धामुर्धा उजेडही तिथे पुरेसा पडतो, आणि लांबच्या वरच्या भागाला झोताचा गाभा मिळतो. वाकड्या पत्र्याचं जे काम होतं, ते आता आपण तिरकेपणाने करून घेतोय. मग त्याच्या शेजारचा लावा आणि दोघांची कड एकमेकांत विरेपर्यंत सरकवा. नंतर तिसरा. खालची रांग पुरी झाली की ती बंद करून वरची घ्या आणि तिचा गाभा खालच्या तृतीयांशाकडे वळवा. दोन्ही रांगा एकत्र शेवटी लावायच्या. उलट क्रमाने केलंत तर कुठला गोळा कुणाचा हे कळणार नाही.

दोन्ही टोकांचे कोपरे नेहमी मंद राहतात, कारण शेवटच्या दिव्याला एकाच बाजूला शेजारी असतो. टोकाकडची अंतरं थोडी आवळा. तरीही मंद राहिला तर तेवढाच पार वाढवा. म्हणून मी सगळी रांग ८० टक्क्यांवर जुळवते, वरचे २० टक्के अशा दुरुस्तीसाठी राखून ठेवते. शंभरावर जुळवलंत तर वाढवायला जागाच नाही, मग बाकीचे अकरा कमी करत बसा.

यासाठी प्रत्येक पारला स्वतःचा पत्ता हवा, म्हणजे बोर्डावरून तो एकटा चालवता येईल असा आकडा. "ताई, सगळे एकावरच टाकलेत, सोपं पडतं" असं मुलं सांगतात. सोपं पडतं, पण दुरुस्तीची वाट बंद होते. पारच्या एकेका रंगाला, उजेडाला एकेक चॅनेल लागतो; आठ चॅनेलच्या मोडमध्ये बारा पार म्हणजे ९६ चॅनेल. एका डीएमएक्स लाईनवर, म्हणजे बोर्डाचे हुकूम दिव्यांकडे नेणाऱ्या केबलवर, ५१२ असतात. कंजूषपणा कशाला? पहिला १ वर, दुसरा ९ वर, तिसरा १७ वर, असे देत जा आणि पारच्या पाठीवर पांढऱ्या टेपवर आकडा लिहा.

जुळलं की नाही हे बघायला शेवटच्या रांगेत जा, बाल्कनी असेल तर तिथेही. डोळे अगदी बारीक करून बघा. बारीकसारीक तपशील पुसले जातात आणि फक्त उजेडाचे डोंगर-दऱ्या उरतात. मोबाईलही कामी येतो, पण एक्स्पोजर लॉक करून. नाहीतर कॅमेरा आपल्या परीने सगळं सावरून घेतो आणि तुम्हाला गोड खोटं दाखवतो. लॉक केल्यावर एक्स्पोजर बराच खाली खेचा आणि फोटो काळा-पांढरा करा. जिथे गोळा आहे तिथे तो शेवटपर्यंत चमकत राहतो.

एवढं करूनही पडदा सारखा दिसत नसेल तर दोष बहुधा रंगात आहे.

लाल, हिरवा, निळा, पांढरा असे एकेक रंग वेगवेगळे लावून बघा. फक्त लालमध्येच एक पार मंद दिसतोय? त्यातले काही लाल दाणे गेलेत. एक पार सगळ्याच रंगांत वेडंवाकडं वागतोय? त्याचा मोड वेगळा आहे, मागच्या मेनूत जाऊन चॅनेलची संख्या आणि डिमरचा कर्व्ह बाकीच्यांशी मिळवा. मधूनच कुणी फडफडतोय? डीएमएक्स केबलच्या शेवटच्या पारला टर्मिनेटर नाहीये. दोन आणि तीन नंबरच्या पिनांमध्ये १२० ओमचा रेझिस्टर, बस. लॅमिंग्टन रोडवर चहाच्या पैशांत मिळतो. आणि साऊंडवाल्याकडून उसनी आणलेली माइकची केबल वापरू नका. छोट्या लांबीला चालल्यासारखी वाटते आणि ऐन प्रयोगात दगा देते. मुंबईच्या हवेत पावसाळ्यात केबलच्या जोडाच्या, एक्सएलआरच्या, पिनांवर काळपट-हिरवट थर चढतो, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरची बाटली पेटीत असू द्या.

सगळे पार ठणठणीत आहेत तरी दोघांचा निळा वेगळा दिसतो, असंही होतं. एकाच मॉडेलचे पण वेगवेगळ्या वेळी बनलेले पार, त्यांतल्या दाण्यांच्या छटा थोड्या निराळ्या. भाड्याच्या मालात हे हमखास मिसळलेलं असतं. गोदामातूनच निवडून आणता आले तर उत्तम. नाही आले तर एका छटेचे सगळे वरच्या रांगेत आणि दुसऱ्या छटेचे सगळे खालच्या रांगेत लावा. वर एक निळा आणि खाली किंचित वेगळा निळा, याला लोक आकाश म्हणतात. आलटून पालटून लावले तर त्यालाच डाग म्हणतात.

आणि पार तापू द्या. लाल दाणा उष्णतेने निळ्या-हिरव्यापेक्षा जास्त मंदावतो. थंड पारांवर संध्याकाळचा केशरी जुळवला आणि दुसऱ्या अंकात तो बदललेला दिसला तर नवल नाही. वीस मिनिटं पूर्ण उजेडावर चालवून मगच रंग ठरवा. ज्याचा पंखा धुळीने आणि कापसाच्या तंतूंनी भरलाय, तो पार इतरांपेक्षा जास्त तापतो आणि एकटाच रंग सोडतो. पंखे साफ करणं हे प्रकाशयोजनेचंच काम आहे, ते भाड्याने देणाऱ्यावर सोडू नका.

पहाट आणि संध्याकाळ करणाऱ्यांसाठी एक वेगळी अडचण. आठ बिटांच्या चॅनेलमध्ये शून्यापासून पूर्णपर्यंत २५६ पायऱ्या असतात. पहाटेचा सुरुवातीचा भाग सगळा खालच्या दहा टक्क्यांत, म्हणजे पंचवीसेक पायऱ्यांत. तो एका मिनिटात चढवायचा तर दर पायरी जवळजवळ अडीच सेकंदांची झाली, आणि प्रेक्षकांना आकाश धक्के खात उजाडताना दिसतं. त्यातच एखादा रंग दुसऱ्याच्या आधी पेटतो, म्हणून सुरुवातीला पडदा उगाच हिरवट किंवा गुलाबी होतो. पारच्या मेनूत डिमर संथ करायची सोय असेल तर ती चालू करा. नसेल तर फ्रॉस्टसोबत एक राखाडी न्यूट्रल डेन्सिटी जेल लावा. उजेड जेल खाते, म्हणून पार वरच्या आकड्यांवर चालवता येतो, आणि तिथे पायऱ्या बारीक भासतात. आमच्या नाटकातल्या आईची पहाट अखेर याच युक्तीने सरळ उजाडली. सुरुवातीची दीड मिनिटं फक्त खालची रांग, तीही मधले दोन पार सोडून, आणि वरची रांग पहिला पक्षी ओरडल्यावर.

आता कापड. उजेड कापडाला जितका घासून तिरका जाईल तितक्या चुण्या दिसतात, म्हणजे पार जवळ असण्याची शिक्षा इथेही आहे. मांजरपाटाचा पडदा असेल तर खालच्या काठाच्या शिवणीत पाईप घाला आणि दोन्ही बाजू नाड्यांनी विंगांकडे ताणा. घडीच्या खुणांवर आदल्या रात्री, वीज बंद असताना, पाण्याचा हलका फवारा मारला तर सुती कापड वाळताना आकसतं आणि सपाट होतं. जुलैमध्ये ते सकाळपर्यंत वाळत नाही, तेव्हा वाफेची इस्त्री. मंगलदास मार्केटमधून कापड आणणार असाल तर सगळं एकाच ताग्यातून घ्या. जुन्या पडद्याला नवा तुकडा जोडलात तर ट्यूबलाईटमध्ये तो ओळखूसुद्धा येत नाही, पण सहा रंगांच्या पारमधला अल्ट्राव्हायोलेट चॅनेल चुकून चढला की नव्या कापडातल्या सफेदीमुळे तेवढाच तुकडा झळकतो. असे पार असतील तर तो चॅनेल शून्यावर आहे ना, हे प्रत्येक क्यूमध्ये, म्हणजे प्रत्येक प्रकाशबदलात, तपासा.

चुण्या आणि शिवणी काही केल्या जातच नसतील तर पडद्यापुढे फूट-दीड फुटांवर काळी नेट टांगा. उजेड कमी होतो, पण कापडाची पोत नाहीशी होते आणि आकाशाला खोली येते. मला हा उपाय फार आवडतो. जागा असेल तर मी तो चुण्या नसतानाही करते.

कधी कधी पडदा नीट असतो आणि समोरचे दिवे तो मळवतात. नटांवरचा उजेड पडद्यावर सांडला की निळ्यावर पिवळसर राख पसरते. ४५ अंशांनी येणाऱ्या दिव्यात साडेपाच फुटांच्या माणसाची सावली त्याच्या मागे साडेपाच फुटांवर जमिनीवर संपते. म्हणून कुणालाही पडद्याच्या सहा फुटांच्या आत उभं करू नका, सावली पडद्यावर चढणार नाही. जमीन पॉलिशची, चकचकीत असेल तर खालच्या पारांपुढे काळं कापड अंथरा. उजेड जमिनीवरून उसळून पडद्याच्या तळाशी एक फिकट पट्टी उमटवतो, आणि ती पट्टी लोक पारमध्ये शोधत बसतात.

प्रयोगाचं चित्रीकरण होणार असेल आणि पडद्यावर सरकते पट्टे दिसत असतील तर कॅमेरावाल्याला शटर १/५० वर ठेवायला सांगा. पारच्या मेनूत फ्रिक्वेन्सी वाढवता येत असेल तर तीही वाढवा. पट्टे नुसत्या डोळ्यांनी दिसत नसतील तर बाकी काही हलवू नका.

उरला प्रश्न मुंबईचा. शनिवारी रात्री दादरला शिवाजी मंदिर, रविवारी दुपारी पार्ल्याला दीनानाथ, रात्री बोरिवलीला प्रबोधनकार. प्रत्येक ठिकाणी मागची जागा वेगळी, बार वेगळे, आणि हायवेवर टेम्पो अडकला की लाईट लावायला मिळतात जेमतेम दोन तास. त्या दोन तासांत वर लिहिलेलं सगळं नव्याने होणं शक्य नाही. म्हणून मी एक वही ठेवते. प्रत्येक नाट्यगृहाचं एक पान. पडद्याची रुंदी-उंची, पडद्यापासून खालच्या रांगेचं अंतर, वरच्या बारचं अंतर आणि उंची, दोन पारांमधली जागा, कुठला फ्रॉस्ट, आणि टोकाचे दोन पार किती टक्क्यांवर. पोरं टेम्पोतून पार उतरवत असतात तोवर एकजण मापाची टेप घेऊन मागे जातो आणि वहीतल्या आकड्यांप्रमाणे जमिनीवर पांढऱ्या टेपच्या फुल्या मारतो. पार थेट फुलीवर बसतात. मग उरतं फक्त तिरकं करणं, आणि ते वीस मिनिटांचं काम आहे.

वहीत जागा चारच फूट लिहिलेली असेल आणि सेट हलणार नसेल, तर मी पारचा हट्ट सोडते आणि भाड्याने देणाऱ्याकडे एलईडीचे सायक्लोरामा फ्लड मागते, एकीकडे जास्त उजेड टाकणारे, जुन्या फ्लडच्या वळणाचे. महाग पडतात. तेही परवडत नसतील तर दिग्दर्शकाशी बसून पडद्याचा वरचा अर्धा भाग झालरीने झाकते. चार फुटांवरून आठ फूट उंच आकाश नीट उजळता येतं. सोळा फुटांचं येत नाही.